मंगोल पोशाखासाठी आधार कोणता घ्यावा : युआन दरबाराची चित्रे की तब्रीझची हस्तलिखिते?

तेराव्या-चौदाव्या शतकांतील मंगोल पोशाख नाटकासाठी शिवायचा किंवा चित्रात रेखाटायचा असेल, तर चीनमधील युआन या मंगोल राजवंशाच्या दरबाराची चित्रे आणि इराणमधील इलखान या मंगोल राज्यकर्त्यांच्या काळात तब्रीझ शहरात तयार झालेली हस्तलिखिते हे दोन मोठे आधार हाताशी आहेत.

कापड आणि शिरोवस्त्र पाहायचे असेल तर तैवानमधील तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातील युआन सम्राट कुबलाई खान आणि त्याची राणी चाबी यांची रेशमावरील व्यक्तिचित्रे निःसंशय सरस आहेत. कुबलाईचा अंगरखा पांढरा आणि साधा आहे. चाबीच्या लाल वस्त्राच्या गळ्याला मात्र सोनेरी नक्षीच्या पट्ट्या आहेत आणि डोक्यावर मोत्यांनी मढवलेला ‘बोक्ता’ हा उंच टोप आहे. तो घालून स्त्रिया घोड्यावर कशा बसत असतील, याचे उत्तर १२५३ ते १२५५ या काळात मंगोल मुलखात फिरलेल्या रुब्रुकच्या विल्यम या युरोपीय धर्मोपदेशकाने दिले आहे : आतला सांगाडा झाडाच्या सालीचा किंवा तशाच हलक्या वस्तूचा असे, वरून रेशीम चढवत आणि अशा स्त्रियांचा घोळका दुरून शिरस्त्राणे घातलेल्या भालेकऱ्यांसारखा दिसे.

अडचण अशी की ही व्यक्तिचित्रे छातीपाशी संपतात. कमरेखालचा घेर त्यांत शोधणे व्यर्थ आहे. दरबारी चित्रकार लिऊ ग्वानदाओच्या १२८० च्या शिकारचित्रात कुबलाई पूर्ण दिसतो, पण लाल-सोनेरी वस्त्रावर पांढरा केसाळ डगला असल्याने आतली बेतणी झाकलेलीच राहते.

ती उणीव तब्रीझ भरून काढते. इलखानांचा वजीर रशीदुद्दीन याच्या ‘जामी अत-तवारीख’ या इतिहासग्रंथाच्या १३१४ च्या सुमारास तयार झालेल्या अरबी प्रतीचा एक भाग एडिंबरा विद्यापीठात आहे. त्यात उभी, बसलेली, घोडेस्वार माणसे नखशिखांत दिसतात. रंगांसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये, कारण रेखाटन पातळ रंगाचे आहे आणि चांदीच्या छटा काळवंडल्या आहेत. शिवाय चित्रकाराने जुन्या काळालाही आपल्याच काळाचे कपडे चढवले आहेत : खलिफाने पाठवलेली खिलत म्हणजे मानाचा पोशाख अंगावर घेणारा गझनीचा महमूद मंगोलांच्या दोन शतके आधीचा, पण भोवतीचा दरबार मंगोल थाटाचा आहे.

माझ्या मते बेतणी तब्रीझहून आणि कापड तैपेईहून घ्यावे. अंगरख्याचे बंद मात्र उजव्या बाजूलाच हवेत. तुर्क डावीकडे बांधतात आणि मंगोल उजवीकडे, हा फरकही विल्यमनेच नोंदवला आहे. राणीची पूर्ण आकृती हवी असेल, तर बर्लिनमधील डीझ हा इराणी चित्रांचा संग्रह पाहावा. तेथे बोक्ता घातलेली खातून म्हणजे राणी खानाशेजारी सिंहासनावर बसलेली आहे.