वुकाँग की गेन्शिन? चिनी परंपरा गेममधून पाहायची तर

‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ (2024) चिनी परंपरा समोर ठेवतो आणि फारसं काही समजावत नाही. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ (2020) समजावतो, पण काल्पनिक देशाचं नाव देऊन.

फरक भाषेतच दिसतो. वुकाँगच्या इंग्रजी आवृत्तीत मायावी प्राणी ‘याओग्वाय’च राहतात आणि ड्रॅगनऐवजी ‘लूंग’ येतो. चिनी लूंग पाऊसपाण्याचा स्वामी आहे, खजिन्यावर बसून आग ओकणारा प्राणी नव्हे. गेन्शिनमध्ये ‘श्येनरन’, म्हणजे अमरत्व मिळवलेले सिद्ध, इंग्रजीत लॅटिन ‘अडेप्टस’ होतात. वाचायला सोपं, पण दाओ (ताओ) परंपरेचा धागा तिथंच तुटतो.

वुकाँगसाठी शान्शी प्रांतातली जुनी मंदिरं आणि मूर्ती स्कॅन केल्या गेल्या; श्याओशीत्येन मंदिर त्यांतलंच. दुसऱ्या प्रकरणात मुंडकं नसलेला गायक तीन तारांचं सान्श्येन छेडत उत्तर शाआन्शीच्या कथागायनाच्या ढंगात गातो (शाआन्शी हा शेजारचा प्रांत, नावं फसवी आहेत). आवाज चिनी आणि सबटायटल इंग्रजी ठेवा.

अडचण कथेची. वुकाँग या माकडाची गोष्ट ज्या चिनी कादंबरीतून येते, त्या ‘पश्चिमेची यात्रा’त भारतातून ग्रंथ न्यायला निघालेला भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला, पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संग, अर्थात कथारूपात. गेम सुरू होतो ती यात्रा संपल्यानंतर. म्हणून आधी कथेचा सारांश वाचा आणि प्रत्येक लढाईनंतर जर्नलमधली त्या प्रतिस्पर्ध्याची गोष्ट उघडा. अर्धी संस्कृती तिथंच दडली आहे. काठिण्य कमी करायची सोय नाही. पहिल्याच प्रकरणातल्या मोठ्या डोक्याच्या भटक्या भुताशी नवखे तासभर झुंजत बसतात. त्याला वळसा घाला, तो ऐच्छिक आहे. कौशल्यांवर खर्चलेले गुण वाटेतल्या विसाव्याच्या देवळीपाशी फुकट परत घेता येतात. सुमारे 130 जीबी जागा (एसएसडी उत्तम) आणि 16 जीबी रॅम लागते.

गेन्शिन फुकट आहे, फोनवरही चालतो. त्याच्या लीयुए या चीनसारख्या काल्पनिक देशात दक्षिण चीनमधल्या ग्वेलिनसारखे सुळके, चहाघरातले कथेकरी आणि चिनी नववर्षाच्या सुमारास भरणारा कंदील-उत्सव आहे. उत्सव थोडे आठवडेच असतो, चुकला तर बहुतेक गोष्टी वर्षभर नाहीत. युन जिन या पात्राचं ऑपेरागायन खऱ्या जिंगजू (पेकिंग ऑपेरा) कलावतीने केलं आहे. कथेतला तो प्रसंग पाहायला पात्र विकत घ्यावं लागत नाही. पात्रं सोडतीतून मिळतात आणि दुर्मीळ पंचतारांकित पात्राची दर खेपेची मूळ शक्यता 0.6 टक्के आहे. 90व्या खेपेला एक नक्की मिळतं, पण ते हवं तेच असेल असं नाही.

घरात चांगला संगणक असेल, चिडचिड न करता हरता येत असेल, तर वुकाँग. मुलांबरोबर, तुकड्यातुकड्यांनी पाहायचं असेल तर गेन्शिन, मात्र पैसे भरायचा पर्याय आधी बंद करून.