टर्बो बदलल्याचे ७५,५०० घेतले, बोल्टला पानासुद्धा लावला नव्हता

माझी स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, स्टेज वन रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदललेली. तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबली की बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो तो हवेचा दाब) पडायचा, ईपीसीचा (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलमधल्या बिघाडाचा) दिवा लागायचा, स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी पडल्याचा कोड. पुण्यातल्या ज्या गॅरेजने रिमॅप केलं त्यांच्याकडेच गाडी टाकली. ट्यून त्यांचा, मग दुसऱ्या कुणाकडे नेणार?

ना लॉग (गाडी चालवताना घेतलेल्या सेन्सरच्या नोंदी), ना स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं). "टर्बो गेला सर." रिबिल्ट टर्बोचे ६८,५०० आणि मॅन्युअल बूस्ट कंट्रोलरचे (बूस्ट हाताने ठरवायचा व्हॉल्व्ह) ७,०००. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी कशाला भरताय?" पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

गाडी ताब्यात घेताना मी बॉनेट उघडलं होतं. टर्बोवरच्या हीट शील्डचे बोल्ट गंजून तपकिरी झालेले, एकावरही पान्याचा ओरखडा नाही. ते शील्ड काढल्याशिवाय टर्बो निघतच नाही! मी तिथेच विचारलं. "जुनेच बोल्ट परत लावले सर." अहो, जुना बोल्ट खोलला तरी त्याच्या कडा चमकतात! जुना टर्बो मागितला तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला. रिबिल्टमध्ये जुना खरोखरच परत द्यावा लागतो, त्यामुळे कुणालाही पटलं असतं. तरी तुम्ही आधी डोळ्यांनी बघा, मगच जाऊ द्या.

महिनाभरात तोच कोड. दुसऱ्या मेकॅनिकने डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडला की जादा दाब परत वळवणारी झडप) काढला, आतला रबरी पडदा फाटलेला. दाब तिथूनच इनटेकमध्ये परत निसटत होता. खर्च ६,२०० रुपये! तो मॅन्युअल कंट्रोलर ही गळती झाकायला बसवला होता, ईसीयूचा वेस्टगेटवरचा (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेवरचा) ताबा काढून. इंजिन बसलं असतं तर? पी०२९९ आला की आधी स्मोक टेस्ट, होस, क्लॅम्प, डायव्हर्टर, एन७५च्या (वेस्टगेटला हुकूम देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) नळ्या. टर्बोचं नाव सगळ्यात शेवटी.

चौकीत गेलो तर "हे दिवाणी प्रकरण आहे." दुसरे साहेब उलट मलाच म्हणाले, "गाडी मॉडिफाय केलीय ना? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहितीये?" (गाडीत परवानगीशिवाय बदल करण्याबद्दलचं.) पाऊण लाख माझे गेले आणि आरोपीही मीच! अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. ग्राहक हेल्पलाइनने गॅरेजचं 'ग्राहक समाधानी होता' एवढं एक वाक्य मागवलं आणि तक्रार बंद केली. मला एक फोन करून विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तिथे ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षांची. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं एस्टिमेट आणि बोल्टचे त्याच दिवशी काढलेले फोटो जोडलेत. गाडी टाकण्याआधी टर्बोवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा.