काळ्या डेनिमवर सूर्यफूल: पाण्यात विरघळणारा चिकट कागद दोन वर्षं वापरून

भाचीने तिचं काळं डेनिमचं जॅकेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मावशी, पाठीवर मोठ्ठं सूर्यफूल भरून हवं." फूल कागदावर काढायला वेळ लागला नाही. ते कापडावर उतरवण्यातच चार दिवस गेले. मलमल असती तर खिडकीच्या काचेवर कागद लावून, वर कापड ताणून गिरवलं असतं. डेनिममधून उजेडच आरपार जात नाही. पिवळा कार्बन पेपर ठेवून गिरवलं, तर जाड विणीच्या उंचवट्यांवर नुसते ठिपके उमटले. एक पाकळी भरेपर्यंत बाकीच्या पाकळ्या हाताच्या घासण्याने पुसून गेल्या. तेव्हा पहिल्यांदा हा कागद आणला. त्यानंतर टी-शर्ट, टोपी, कॅनव्हासची पिशवी, टॉवेल असं बरंच काही झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

कागद म्हणतात खरा, पण हाताला तो पातळ कापडासारखा लागतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा असतो, म्हणून पाण्यात विरघळतो. मागे डिंक, त्यावर सोलून काढायचा कागद. पुढच्या बाजूला नक्षी काढायची, सोलायचं, कापडावर लावायचं आणि दोन्हींतून सरळ टाके घालायचे. वाकडं बसलं तर अलगद उचलून परत लावता येतं. भाचीला जॅकेट घालून उभं केलं आणि तीनदा जागा बदलली, तरी डिंक टिकला. फक्त कोपरे गोल कापा. टोकदार कोपऱ्यात दोरा अडकतो आणि तिथूनच कागद उचकटायला लागतो.

याचं खरं मोल मला फुलाच्या मधल्या भागात कळलं. सूर्यफुलाच्या बिया चक्राकार ओळींत बसलेल्या असतात. मोठ्या फुलात बहुधा एका दिशेने ३४ आणि उलट दिशेने ५५ ओळी मोजता येतात. माझं फूल लहान, म्हणून मी १३ आणि २१ धरल्या आणि टोक काढलेल्या पेन्सिलने बारीक रेघांची जाळी काढली. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, तिथे एक गाठीचा टाका. डेनिमवर इतकी बारीक रेघ कार्बनने कधीच उमटली नसती. इथे शेवटच्या गाठीपर्यंत प्रत्येक छेद स्पष्ट दिसत होता.

मग धुणं. कोमट पाण्याच्या टबात जॅकेटची पाठ बुडवली. आधी कागद पारदर्शक झाला, मग बुळबुळीत, आणि पाकळ्यांच्या कडेने सुटायला लागला. बोटाने चोळू नका, पाणीच हलवा. धारेखाली धरल्यावर गाठींच्या मधली जागा मोकळी झाली आणि दबलेला दोरा फुगून वर आला. तो क्षण बघायला मी भाचीला मुद्दाम बोलावलं होतं.

वाळल्यावर मात्र मधला भाग खळ घातल्यासारखा कडक लागला. दाट टाक्यांच्या खाली कागद राहतो आणि तिथेच सुकतो. घाबरायचं नाही. पुन्हा अर्धा तास भिजवलं, दोनदा पाणी बदललं आणि तो मऊ पडला. आता दाट भरलेलं काम मी पहिल्याच खेपेला तास-दीड तास भिजत ठेवते.

टी-शर्टसाठी तर मी याच्याशिवाय सुई हातात घेत नाही. ताणणारं कापड रिंगमध्ये, म्हणजे भरतकामाच्या गोल चौकटीत, आवळलं की ताणलं जातं आणि सोडल्यावर नक्षी आक्रसते. चिकट कागदामुळे कापड जागेवर राहतं, रिंग फार आवळावी लागत नाही.

तक्रारीही आहेत. डिंकामुळे सुई चिकट होते, मी अधूनमधून स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसते. इंकजेट प्रिंटरवर नक्षी छापली होती, तेव्हा कागद विरघळताना शाई पांढऱ्या टॉवेलवर उतरली. तेव्हापासून फिकट कापडावर फक्त पेन्सिल, तीही हलक्या हाताने. आणि सगळं काम भिजवावंच लागतं, त्यामुळे दोऱ्याचा रंग पक्का हवा. ओल्या पांढऱ्या फडक्यात दोरा दाबून बघा. मी एकदा बघितलं नाही आणि लाल दोऱ्याने कॅनव्हासची पिशवी गुलाबी केली. मखमल आणि पाणी न सोसणारं रेशीम याच्या वाट्याला देऊ नका. तिथे पातळ टिश्यू पेपरवर नक्षी काढून रेघेरेघेवरून धावदोरा घालायचा आणि कागद फाडून काढायचा, हीच रीत मला भरवशाची वाटते.

इस्त्रीने रेघ घालवणाऱ्या पेनाबद्दल मला नेहमी विचारतात. मीही वापरलंय. ती शाई साधारण ६० अंशांना दिसेनाशी होते, पण कापडातून जात नाही. थंडी मिळाली की रंग परत येतो. भरलेला एक नमुना मी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, सकाळी सगळ्या रेघा जशाच्या तशा. गडद कापडावर तर इस्त्रीनंतर पांढुरक्या खुणा राहिल्या, त्या धुऊनही गेल्या नाहीत. ज्या रेघेवर टाका पूर्ण बसणार आहे तिथे ते पेन चालेल. कुणाला भेट द्यायच्या कामावर मी ते लावणार नाही. पाण्याने जाणारं निळं पेन मला त्याहून बरं वाटतं, फक्त धुण्याआधी इस्त्री फिरवली तर निळी रेघ कापडात पक्की बसते. चिकट कागदालाही तेच लागू, आधी पाणी, मग इस्त्री.

कागद दमट हवेत गुंडाळला जातो, म्हणून मी तो झिपच्या पिशवीत सपाट ठेवते. उरलेले तुकडेही टाकत नाही. बोटभर तुकड्यात एक पान किंवा कळी मावते, कॉलरच्या टोकाला तेवढं पुरतं. काल भाचीच्या टोपीवर अशाच एका तुकड्यातून मधमाशी उतरवली. पंख भरून झालेत, पोटाचे पट्टे राहिलेत.