नमनाची ड्रेपरी भाड्याने आणली, त्याबद्दल

यंदा शिमग्यात आमच्या गावच्या नमनाला, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याला, चिपळूणच्या एका दुकानातून ड्रेपरी, म्हणजे सोंगांचे कपडे नि मुकुट-टोप्या, आणली, कोणाला लागत असेल म्हणून लिहितोय. आमच्याकडे सगळे हौशी, कोण रिक्षा चालवतो कोण कलमं बघतो, काही चाकरमानी तर रजा टाकून येतात, पैसे कोणीच घेत नाही, त्यामुळे भाडं परवडणं फार महत्त्वाचं.

गवळणींच्या साड्या धुतलेल्या, इस्त्रीच्या, प्रत्येक पिशवीवर नंबर. कृष्णाच्या मुकुटाला आतून मऊ कापड शिवलेलं, नायतर दरवर्षी पोराच्या कपाळावर वळ उठतो. संकासुर म्हणून जे सोंग येतं त्याचा काळा झगा नि उंच टोपी पण मस्त, पांढरी दाढी बघून पहिल्या रांगेतली बारकी पोरं आईला घट्ट बिलगली.

एकच गोष्ट खटकली, गवळणींबरोबरच्या मावशीचं काम पुरुषच करतो हे सांगूनसुद्धा ब्लाउज लहान दिला, सुरुवातीचा गणपतीचा गण संपून कृष्ण-गवळणींचा भाग उभा राहीपर्यंत मी मृदंगाच्या मागे बसून शिवण उसवत होतो. परत देताना काकांना सांगितलं तर त्यांनी लगेच मापं वहीत लिहून घेतली, डिपॉझिट पण पूर्ण परत दिलं. पुढच्या वर्षी इथूनच आणणार.