कसबा पेठेतली कल्हई: भांडं देऊन निघून जाऊ नका, थांबा

तांबट आळीकडे वळणाऱ्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या भिंतीला लागून कल्हईची एक भट्टी चालते. पाटी नाही, नकाशावर खूण नाही. आसपास कुणालाही ‘कल्हईवाले चाचा’ म्हणून विचारा, हात करून दाखवतील. घरातली तांब्या-पितळेची भांडी नुसती फडताळात मांडायची नसतील, त्यांत खरोखर शिजवायचं असेल, तर पुण्यात मी हेच ठिकाण सुचवेन. फक्त भांडं टाकून निघून जाऊ नका. काम होईस्तोवर उभे राहा, बघा, विचारा. चाचा सांगतात.

मी धातुशास्त्रात पीएचडी करते. शिसं नसलेलं सोल्डर, म्हणजे वितळवून सांधे जोडायचा मिश्रधातू, तांब्यावर कसं पसरतं आणि दोन्ही धातूंच्या सांध्यात काय तयार होतं, हा माझा विषय. २००६ साली युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध लागू केले, तेव्हापासून या विषयावर जगभर काम वाढलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या सोल्डरमध्ये ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं असतं. थोडक्यात, तांब्यावर कथील चढवणं हाच माझा दिवसभराचा उद्योग. मागच्या हिवाळ्यात आईने सांगलीहून आजीचं पितळी पातेलं आणि तांब्याची लंगडी पाठवली. “आतली कल्हई गेलीय, आमटी कळकेल, आधी कल्हई करून घे,” असं फोनवर बजावलं. त्या निमित्ताने मी या भट्टीपाशी पोचले.

चाचांनी पातेलं हातात घेतलं, आतून बोट फिरवलं, काठाची चीर बघितली आणि बाजूला ठेवलं. मला वाटलं लगेच भट्टी पेटेल. पण पुढचा बराच वेळ नुसती सफाई चालली. आधी कॉस्टिकच्या पाण्यात जुना तेलकट थर सोडवला. मग वाळू आणि विटेच्या चुऱ्याने घासणं, शेवटी चिंचेचा कोळ. पितळेचा मूळ रंग जागोजाग सारखा दिसेपर्यंत हात थांबला नाही. कडेच्या दुमडीत एक काळी रेघ राहिली होती. मला ती दिसतही नव्हती. चाचांनी सुतळीचं टोक पिळून त्या दुमडीत घातलं आणि रेघ काढली. मी म्हटलं, “चाचा, एवढंसं राहिलं तर काय होईल?” ते म्हणाले, “बेटा, कथील नंतर. आधी भांडं. जिथे मळ, तिथे कथील बसणार नाही. पैसे तू पूर्ण देणार ना?”

मग भट्टी. पूर्वी कातडी भाता असायचा, आता विजेचा छोटा पंखा आहे, पण कोळसा तोच. सांडशीत धरून भांडं फिरवत फिरवत तापवतात. नवसागराची पूड आत टाकतात आणि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवतात. भसकन पांढरा धूर उठतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तापलेल्या नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतं, हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइड खातं आणि वर जाऊन थंड झालेले हे दोन वायू पुन्हा एकत्र आले की पांढरा धूर दिसतो. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. पण त्या धुराच्या रंगावरून आणि दाटपणावरून आच किती झाली ते ओळखतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेत आम्ही तापमान मोजायला थर्मोकपलची तार लावतो. चाचा धुराकडे बघतात आणि कथलाची कांडी भांड्याला टेकवतात. कांडीचं टोक चिकटून ओढलं गेलं तर आच कमी. टेकवताच थेंब सुटला आणि आपणहून पसरायला लागला, की बरोबर. थेंब सुटून गोळी होऊन घरंगळला, तर तिथे मळ राहिलाय, भांडं परत घासायला. त्या घरंगळणाऱ्या गोळीचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पत्र्याला किती कोनात टेकते ते, मोजण्यात माझी दोन सत्रं गेली आहेत.

कथील २३२ अंशांना वितळतं. दोन-तीन ठिकाणी कांडी टेकवली की पुरते, बाकी सगळं काम बोळ्याचं. मनगट असं फिरतं की काठापासून तळापर्यंत क्षणात चांदीसारखी झळाळी येते. आणि लगेच, अगदी लगेच, भांडं पाण्याच्या टाकीत.

मी विचारलं, “पाण्यात एवढ्या घाईने का घालता? आपोआप थंड होऊ दिलं तर?”

“आगीवर राहिलं तर भांडं कथील पितं. वर चमक राहत नाही.”

मी तिथल्या तिथे वही काढली. कारण हे शब्दशः खरं आहे. वितळलेलं कथील तांब्याला भिडलं की दोघांचं मिळून एक ठिसूळ संयुग तयार व्हायला लागतं, आणि जितका वेळ गरम राहील तितका त्याचा थर जाड होतो. वरचं शुद्ध कथील त्यात खर्ची पडतं. चाचांकडून तांब्याच्या पत्र्याच्या एका तुकड्यावर कल्हई करून घेतली. तो तुकडा कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मधला थर पातळ आणि एकसारखा, जेमतेम दोन मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांश भागांइतका. प्रयोगशाळेच्या भट्टीत सावकाश निववलेल्या माझ्या नमुन्यांत तोच थर कितीतरी जाड आणि खडबडीत येत होता. गाईड सरांनी दोन्ही छायाचित्रं शेजारी ठेवून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, निववण्याचा वेग बदलून नवी मालिका घे. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण आता त्यावरच उभं आहे. वर्गात, चर्चासत्रांत, शोधनिबंधांत मी या थराबद्दल भरपूर ऐकलं-वाचलं होतं. पण भांडं वापरणाऱ्या बाईला सहा महिन्यांनी त्या थराचं काय होतं, इथून विचार सुरू करणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला.

शुद्ध कथलाचा मुद्दा ग्राहक म्हणून सर्वांत महत्त्वाचा. कथील महाग आहे, किलोला हजारांच्या घरात. शिसं त्याच्या मानाने फारच स्वस्त, शिवाय मिसळलं की मिश्रण आणखी लवकर वितळतं. त्यामुळे भेसळीचा मोह मोठा, आणि शिसं अन्नात उतरलं तर लहान मुलांसाठी थोडंही धोक्याचं. शहरात दुसऱ्या एका ठिकाणी मी कांडी बघायला मागितली तर “मॅडम, विश्वास नसेल तर नका करू” असं उत्तर मिळालं. चाचांनी स्वतःहून कांडी माझ्या कानाशी धरली आणि वाकवली. “ऐक.” बारीक करकर आवाज आला, कडाक्याच्या थंडीत पायाखाली वाळलेलं गवत मोडावं तसा. कथलाच्या आतले स्फटिक वाकताना सरकतात, तेव्हा हा आवाज होतो. त्याला कथलाचं रडणं म्हणतात. शिसं मिसळलं की तो मंदावतो. मी पुस्तकात त्यावर एक परिच्छेद वाचला होता, ऐकला कधीच नव्हता. आता आमच्या विभागात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी कांडी वाकवूनच शिकवते. तुम्हीही मागा. कांडी दाखवायला नाखूश असेल तिथून भांडं परत घ्या.

आता तक्रारी. वेळ पाळला जात नाही. “चार वाजता या” म्हटलं की सहा धरा. फोन उचलतीलच असं नाही, कारण हात कोळशात असतात. धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, दमा असलेल्यांनी बोळाच्या तोंडाशीच थांबावं. चाचा स्वतः तोंडाला साधं फडकं बांधतात, ते मला बघवत नाही. मी चांगला मास्क नेऊन दिला, तो खिळ्याला टांगलेला असतो. त्यात श्वास कोंडतो म्हणतात. दर ठरतो भांड्याचा घेर आणि खोली बघून. माझ्या मोठ्या पातेल्याचे साडेतीनशे झाले, लंगडीचे दोनशे. घासाघीस करू नका. कथलापेक्षा त्यात मेहनतीचे पैसे जास्त आहेत, आणि ती मेहनत तुमच्यासमोरच होते.

घरी आणल्यावरही थोडं सांभाळावं लागतं. कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, कथील वितळून खाली गोळा होतं. कडक तेलाची फोडणीही त्यात नको. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल धुरावण्याच्या बेताला येतं तेव्हा कथलाच्या वितळण्याच्या जवळ पोचलेलं असतं. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता. लाकडी उलथनं वापरा, तारेची घासणी नको. माझ्या पातेल्यात आठवड्यातून एकदा चिंच-गुळाची आमटी होते आणि कल्हई अजून शाबूत आहे. आतून पिवळं दिसायला लागलं की मात्र त्यात आंबट शिजवणं थांबवायचं, ताक तर अजिबात ठेवायचं नाही.

तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचं काम चालत आलंय. कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. आजही दिवसा हातोडीची ठकठक ऐकू येते. कल्हईला भांडं दिलं की मधल्या वेळात तिकडे जाऊन मठारकाम बघा. तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारी एक ठोके पडत जातात, त्याने पत्रा कडक होतो आणि उजेडात चमकतो. विद्यार्थी असाल तर कारागिराला आधी विचारून मग बसा, त्याचं काम अडवू नका, आणि काहीतरी विकत घ्या. मी एक छोटा तांब्या घेतला, पाणी प्यायला.

भट्टी शुक्रवारी दुपारी बंद असते. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे टाळा, तेव्हा परातींची रांग वाड्याच्या पायरीपर्यंत येते आणि चाचांना बोलायला सवड नसते. पावसाळा संपला की जा, सकाळी दहाच्या आत, आणि भांडं आधी घरी चिंचेने घासून न्या. तेवढ्याने चाचांचा एक हात वाचतो.