गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारातलं झेरॉक्सचं दुकान: पाचपैकी चार तारे

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकच म्हणाला, "बाय, लिहू नको, उद्या सगळी रांग माझ्याच दारात." बाजारात विचारलंत, की अपंगांचे फॉर्म कोण भरतो, तर कोणीही बोट दाखवील.

आधी माझी ओळख देते, म्हणजे तारे कुठल्या हिशेबाने दिले ते कळेल. मी पिसुर्लेच्या बाजूची. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर म्हणजे आधाराची पट्टी, अपंगत्वाच्या दाखल्यावर 60 टक्के. घरी बसून ब्लाऊज शिवते. या दुकानात गेली नऊ-दहा वर्षं येते: हयातीचा दाखला, आधारची दुरुस्ती, स्वावलंबन कार्डाचा, म्हणजे अपंगांच्या ओळखपत्राचा, अर्ज, आणि अधूनमधून भाच्याच्या कॉलेजचे कागद.

पहिली गोष्ट पायरीची. बाजारातल्या बहुतेक दुकानांची पायरी माझ्या गुडघ्याला आव्हान देते. इथेही पायरी उंचच होती. दुसऱ्या खेपेला मी आले तेव्हा खाली एक चिरा आडवा टाकलेला होता. अर्धी उंची तिथे, अर्धी वर. कोणी काही बोललं नाही, मीही नाही. सरकारी इमारतींचे रॅम्प मी पाहिलेत. काहींवरून माझं शिलाई मशीनसुद्धा गडगडत खाली जाईल एवढा उतार. हा चिरा बरोबर मापाचा आहे. एक तारा त्या चिऱ्याचा.

दुसरा तारा आधारच्या यंत्रावर लावायच्या अंगठ्याचा. सुई-कात्रीने माझ्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात आणि कुबडीने तळहाताला घट्टे पडलेत. बँकेत यंत्राने माझं बोट नाकारलं की मागची माणसं सुस्कारे सोडतात, आणि काउंटरवरून ठरलेलं वाक्य येतं: "परत कधीतरी या." परत कधीतरी म्हणजे परत रिक्षा. इथे मालक, आम्ही त्याला भाई म्हणतो, ओल्या फडक्याने काच पुसतो, मग माझं बोट पुसतो, उजवी अनामिका लावून बघतो, मग डावी. "जोर देऊ नको बाय, नुसतं ठेव." पाचव्या-सहाव्या वेळेला दिवा हिरवा होतो. एकदा मात्र अर्धा तास गेला. तेव्हा त्याने मला आतल्या खुर्चीवर बसवलं आणि दोन गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं. ती दोघं माझ्याकडे कशी बघत होती ते सोडा.

आता पैशांचं. घरात भाऊ टिप्पर, म्हणजे खाणीचा ट्रक, चालवायचा. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या, मग 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. टिप्पर दारात उभा, बँकेचा हप्ता चालू. त्या दिवसांत घरात ठरलेल्या तारखेची म्हणावी अशी रक्कम एकच होती, गोवा सरकार वृद्धांना आणि अपंगांना दरमहा पैसे देतं त्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे माझे दोन हजार. पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला, अपंगत्वाचा दाखला, सगळं जोडून मिळालेले. मोठा भाऊ बहिणीच्या पैशांतून गॅस सिलिंडर घेतोय, हे त्याला किती जड जात होतं ते आमच्या घरातच माहीत.

दोन हजार माझ्या हातात दोन हजार म्हणून येत नसत, हे मात्र कोणी मोजत नाही. पैसे काढायला जायचं तर बस चढता येत नाही, पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे कॅलिपर घेऊन बसणं म्हणजे सर्कस. रिक्षाचे जाऊन-येऊन तीनशे. शेजारच्या आजीलाही त्याच योजनेतून तेव्हा दोन हजारच यायचे, आणि सून बाजाराला निघाली की आजी तिच्याबरोबर बसने जाऊन यायच्या. आजींचे पैसे मला खुपत नाहीत, त्यांना आणखी मिळोत. पण एकाच मापाचा ब्लाऊज सगळ्या बायकांना घालायला दिला, तर मला शिंपीण कोण म्हणेल?

हे नुसतं माझं कुरकुरणं नाही, हेही मला याच दुकानात कळलं. कोणीतरी 2016 च्या अपंग हक्क कायद्याची प्रत झेरॉक्सला टाकून गेला तो न्यायला आलाच नाही. ती खिळ्याला टांगलेली. नेट येईपर्यंत ती वाचणं हा माझा उद्योग. इंग्रजीत होती, शब्द अडला की भाईला विचारायचं. कलम 24 वर आले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इतरांना जी मदत मिळते तशाच योजनेत अपंगांना कमीत कमी 25 टक्के जास्त द्यायची, असं तिथे लिहिलंय. दोन हजारांवर पाचशे. म्हणजे माझं रिक्षाचं भाडं आणि वर दोन वेळचा पाव. पण त्याच कलमात सुरुवातीला हेही आहे, की सरकारने हे आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करायचं. मी भाईला म्हटलं, सरकारची कुवत कायद्यात घातली, आमची कुठे आहे? तो म्हणाला, "पान उलट." उलटलं. नव्हती.

टक्क्यांचंही असंच. 40 टक्के किंवा जास्त असले की दाखला चालतो. केंद्राची अपंग पेन्शन महिना 300 रुपये, तीही दारिद्र्यरेषेखालच्या आणि 80 टक्के किंवा जास्त असलेल्यांना. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये केंद्राने हजार रुपये दोन हप्त्यांत दिले, ते ज्यांना ही केंद्राची पेन्शन आधीपासून होती त्यांनाच. मी 60 वाली, बाहेर. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा 75 टक्के, तोही बाहेर, आणि त्याला तर पाण्याचा तांब्यासुद्धा उचलता येत नाही. डॉक्टर सांधा किती वाकतो ते मोजतात. विहीर घरापासून किती लांब आहे ते दाखल्यात येत नाही.

त्या लॉकडाऊनचं सांगते, कारण तिसरा तारा तिथला. 22 मार्चपासून गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती. पाव विकणारा पोदेर आला नाही, बस नाही, रिक्षा नाही. चैत्र-वैशाखातली लग्नं गेली तशी माझी शिलाई गेली, सात ब्लाऊज कापून पडले होते. पैसे खात्यात होते आणि खातं साखळीत. मे महिन्यात एका सकाळी भाई स्कूटरवरून वाड्यावर आला, गळ्यात पिशवी, पिशवीत अंगठ्याचं यंत्र. आंब्याखाली बसून आजींना, मला आणि आणखी चार-पाच जणांना पैसे काढून दिले. माणशी वीस रुपये घेतले. घ्यावेत का, हा वाद भाच्याने माझ्याशी घातला. मी म्हटलं, तीनशेच्या जागी वीस गेले, तू गप्प बस.

चौथा तारा आडनावाचा, पण तो अर्धा कापला होता, मग परत दिला. आमचं गावकर. इंग्रजीत एका कागदावर ओ, दुसऱ्यावर यू, तिसऱ्यावर डब्ल्यू. कार्डाच्या अर्जात भाईनेच चुकीचं टाइप केलं आणि मला एका सरकारी इस्पितळात तपासणीच्या दिवशी दोन तास बाकावर बसून परत यावं लागलं. परत आल्यावर त्याने काही सबब सांगितली नाही. फॉर्म फुकट भरला आणि रिक्षाचे पैसे हातात ठेवले. मी नको म्हटलं, पण घेतले.

पाचवा तारा देत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद. गोव्याची ही सवय मलाही प्यारी आहे, घरी असताना. पण रिक्षा करून एकला पाच मिनिटांनी पोचलात तर तीन तास कुठे बसायचं? आसपास बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह नाही, म्हणून दुकानात जायच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही. शिवाय पंखा भाईच्याच दिशेने.

जाणार असाल तर बाजाराचा दिवस टाळा, सकाळी साडेनऊला पोचा, आधार, बँकेचं पुस्तक आणि जुना दाखला तिन्ही मूळ घेऊन जा. "नेट ना" असं ऐकलंत तर लगेच परतू नका, वीस मिनिटांत येतं. खिळ्यावरची प्रत अजून तिथेच आहे. आणि चढताना जपून, चिरा हल्ली एका बाजूने हलतो. चतुर्थीआधी सिमेंट घाल म्हणून मी भाईला सांगून ठेवलंय.