ऑटोरन्स: चमकून जाणाऱ्या काळ्या विंडोवर रामबाण

टिळकवाडीतल्या आमच्या झेरॉक्स दुकानातला पीसी चालू केला की काळी विंडो यायची नि वाचायच्या आत गायब, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये बघितलं तर काहीच नाही. मग मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स घेतलं, विंडोज सुरू होताना आपोआप काय काय चालतं त्याची सगळी यादी दाखवणारं टूल, फुकट आहे, इन्स्टॉल पण करावं लागत नाही, झिप उघडून अ‍ॅडमिन म्हणून चालवायचं. पहिल्यांदा यादी बघून डोकं गरगरतं खरं, पण ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवल्या की बरंच सोपं होतंय. शेड्यूल्ड टास्क्स टॅबमध्ये सापडलं बघा, जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची राहिलेली बॅच फाइल (कमांड्सची छोटी फाइल), लॉगिन झालं की चालायची नि तीच काळी विंडो उघडायची. नुसती टिक काढा, डिलीट करू नका, म्हणजे गरज पडली तर परत लावता येतं. फॉरमॅट मारायच्या आधी हे एकदा वापराच की!